झेल सुटला तर चूक कुणाची?

वाचक विचारतात : प्लॅटफॉर्म गेममधला बेसबॉल-झेल

उड्या मारत, खड्डे चुकवत पुढे जायच्या गेममध्ये मधेच एक मोकळं मैदान लागतं. कोपऱ्यातलं यंत्र बेसबॉल उडवतं, आपण धावत जाऊन ते ग्लोव्हमध्ये घ्यायचे, ठरलेले झेल झाले की बक्षीस. बघायला दोन दिवसांचं काम वाटतं, आणि बरेच जण तिथेच अडकतात. बहुतेक प्रश्नकर्त्यांनी गोडो ४ हे गेम बनवायचं इंजिन वापरलंय, म्हणून खालचे आकडे त्याच इंजिनचे आहेत. स्क्रीन ६४० बाय ३६० पिक्सेलची धरली आहे. गोडोत उभा अक्ष वरून खाली वाढतो, त्यामुळे वर जाणारा वेग उणे येतो. उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

प्रश्न : यंत्र रॅन्डम वेगानं आणि रॅन्डम कोनात बॉल फेकतं. काही बॉल अगदी सोपे येतात, काही कितीही धावलं तरी हाती लागत नाहीत. वेगाची मर्यादा कमी केली तर सगळेच सोपे होतात. मधलं काही जमत नाही. (पुणे)

मर्यादा किती ठेवली यानं काही होणार नाही, कारण तुमचा क्रमच उलटा आहे. तुम्ही फेक ठरवता आणि टप्पा कुठे पडेल ते नशिबावर सोडता. आधी टप्पा ठरवा, मग बॉल हवेत किती वेळ राहणार ते ठरवा, आणि वेग त्यावरून काढा.

हिशेब शाळेतलाच आहे. आडवा वेग म्हणजे आडवं अंतर भागिले हवेतला वेळ. उभा वेग म्हणजे उंचीतला फरक भागिले वेळ, वजा ग्रॅव्हिटी गुणिले वेळ याच्या निम्मं. यंत्राचं तोंड आणि ग्लोव्ह एकाच उंचीवर असतील तर पहिला भाग शून्य होतो आणि काम आणखी सोपं.

गोडोची टूडीतली मूळ ग्रॅव्हिटी ९८० आहे. हवेतला वेळ १.६ सेकंद घेतला तर उभा वेग उणे ७८४ येतो आणि बॉल ३१४ पिक्सेल वर जातो. तुमची स्क्रीन ३६० ची, त्यात खाली जमिनीची पट्टी. म्हणजे बॉल वरून बाहेर गेला. अशा वेळी लोक हवेतला वेळ कमी करतात आणि खेळ घाईचा होऊन बसतो. त्यापेक्षा बॉलला त्याची स्वतःची ग्रॅव्हिटी द्या. नायकाला ९८० आणि बॉलला ६०० असली तरी खेळणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ६०० धरून त्याच १.६ सेकंदांत उभा वेग उणे ४८० आणि उंची १९२ पिक्सेल येते. बॉल पूर्ण वेळ नजरेसमोर राहतो.

आता टप्पा कुठे टाकायचा? समजा नायकाचा धावायचा वेग २०० पिक्सेल प्रति सेकंद आहे आणि तो पूर्ण वेगात यायला ०.२ सेकंद घेतो. बॉल कुठे चाललाय हे कळायला माणसाला ०.३ सेकंद द्या. उरले १.३ सेकंद, म्हणजे २६० पिक्सेल. वेग घेताना २० पिक्सेल गेले. राहिले २४०. हा झाला परिपूर्ण खेळाडू, आणि आपल्याकडे तो येणार नाही. म्हणून त्याचे ८० ते ८५ टक्के, सुमारे २०० पिक्सेल, ही सगळ्यात लांबच्या फेकीची हद्द धरा. पहिले तीन-चार बॉल ६० ते १०० पिक्सेलच्या आतच पडू द्या.

हे अंतर मोजायचं ते फेकीच्या क्षणी नायक जिथे उभा असेल तिथपासून. मैदानाच्या मध्यापासून मोजलं की जुनाच घोळ परत येतो : खेळाडू डाव्या टोकाला आणि बॉल उजव्या टोकाला. समजा स्क्रीनच्या डाव्या कडेपासून नायक ४२० पिक्सेलवर आहे, यंत्राचं तोंड ४० वर. तुम्ही १२० पिक्सेल अलीकडचा, म्हणजे ३०० चा टप्पा निवडलात. आडवं अंतर २६०, भागिले १.६, वेग १६२.५. अर्ध्या वेळात, ०.८ सेकंदाला, बॉल १७० वर येतो आणि तिथे त्याचं सर्वांत उंच टोक असतं. खेळाडू नकळत या टोकाच्या आधारानंच अंदाज बांधतो. म्हणून ते टोक स्कोअरच्या पाटीमागे लपत नाही ना, हे एकदा बघून घ्या.

एवढं केलं की सुटलेला झेल खेळाडूचा असतो, तुमचा नसतो.

प्रश्न : बॉल ग्लोव्हमधून आरपार जातो. कधी पकडला जातो, कधी नाही. (सांगली)

'कधी कधी' हा शब्द तुम्ही लिहिलात ते बरं केलं. कधीच पकडला जात नसता तर लेअर आणि मास्कची, म्हणजे कोण कुणाला धडकू शकतं ते ठरवणारी चौकट चुकलीय असं म्हणून सोडून दिलं असतं. कधी कधी सुटतो, तेव्हा कारणं दोन असतात, आणि दुसरं जास्त आढळतं.

पहिलं कारण वेग. गोडोत फिजिक्स सेकंदाला ६० टिक, म्हणजे हिशेबाच्या ६० पायऱ्या, चालतं. वरून ४८० च्या वेगानं येणारा बॉल एका टिकला ८ पिक्सेल सरकतो, त्याची काळजी नको. पण सपाट, जोरकस फटका १२०० च्या वेगानं आला तर एका टिकला २० पिक्सेल. बॉल १० पिक्सेलचा आणि ग्लोव्हचा कोलिजन शेप, म्हणजे स्पर्श ओळखायचा अदृश्य आकार, ८ पिक्सेल जाडीचा असेल तर एका टिकला बॉल ग्लोव्हच्या अलीकडे आणि पुढच्या टिकला पलीकडे. इंजिनच्या लेखी दोघांची गाठच पडली नाही. इथे बरेच जण रिजिडबॉडीचं (बॉलच्या घन वस्तूचं) कंटिन्युअस सीडी, म्हणजे दोन टिकांमधलीही टक्कर पकडायची सोय, चालू करतात आणि तरीही बॉल आरपार जातोच. ती सोय घन वस्तूंच्या टकरीसाठी आहे. ग्लोव्ह एरिया-टूडी, म्हणजे आत कोण शिरलं एवढंच ओळखणारा भाग, असेल तर तिची नोंद टिकगणिकच होते. उपाय साधा आहे : ग्लोव्हचा शेप बॉल येण्याच्या दिशेनं २४ पिक्सेल जाड करा, किंवा मागच्या टिकची जागा आणि आताची जागा यांच्यात एक किरण टाकून मधे ग्लोव्ह लागतो का ते तपासा.

दुसरं कारण बटणाचं. बॉल एरियात शिरला की 'बॉडी एंटर्ड' सिग्नल एकदाच येतो, शिरण्याच्या क्षणी. बटण आधी दाबलेलं असेल तर झेल होतो. पण बॉल आत आल्यावर दोन टिकांनी बटण दाबलं तर सिग्नल येऊन गेलेला असतो, आणि तुमचा कोड तो परत येईल म्हणून वाट बघत बसतो. बटण दाबल्यावर 'एरियात आत्ता कोण कोण आहे' अशी यादी मागवा आणि तीत बॉल असेल तर झेल द्या. दोन्ही बाजूंनी तपासायचं : बॉल शिरताना बटण दाबलेलं आहे का, आणि बटण दाबताना बॉल आत आहे का.

झेल झाल्यावर त्या सिग्नलच्या आतूनच कोलिजन शेप बंद करायला गेलात तर इंजिन लाल अक्षरांत तक्रार करतं. तिथे 'सेट डिफर्ड' वापरा, म्हणजे बदल लगेच न होता थोडा मागाहून होतो.

प्रश्न : झेलासाठी बटण ठेवावं की बॉल हाताशी आला की आपोआप पकडला जावा? बटण ठेवलं तर किती टिकांची सूट द्यावी? (नाशिक)

बटण नसेल तर तो धावण्याचा खेळ होतो, योग्य जागी वेळेत पोचलात की झालं. नायक जागचा हलत नसेल आणि फक्त बटण असेल तर तो वेळ साधण्याचा खेळ. १९९३ च्या 'कर्बीज ॲडव्हेंचर'मध्ये अंडी झेलायचा मिनीगेम या दुसऱ्या जातीचा आहे : अंडं आलं की तोंड उघडायचं, बॉम्ब आला की मिटायचं. दोन्ही गोष्टी पहिल्याच फेरीत मागितल्या तर नवा खेळाडू वैतागतो. पहिली फेरी आपोआप झेलाची आणि दुसरीपासून बटण, हा मार्ग चांगला चालतो.

सुटीबद्दल. बॉल ग्लोव्हला लागायच्या आधी ०.१ सेकंद, म्हणजे ६ टिक, दाबलेलं बटण लक्षात ठेवा. बॉल ग्लोव्हमधून निसटल्यावरही तेवढीच सूट द्या, पण बॉल जमिनीला लागला नसेल तरच. प्लॅटफॉर्म गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतात, तीच ही युक्ती. 'सेलेस्ट'मध्ये ती सूट ०.१ सेकंदाची आहे. यापेक्षा फार जास्त दिलीत तर झेल फुकटचा वाटायला लागतो.

इतकी सूट दिली की मुलं बटण बडवत सुटतात. त्यावर इलाज असा की रिकाम्या दाबानंतर ग्लोव्ह ०.२५ सेकंद मिटलेला ठेवायचा, आणि तो मिटलेला दिसलाही पाहिजे. चित्र न बदलता फक्त कोडमध्ये बंदी घातलीत तर खेळाडू म्हणेल बटण चालत नाही.

झेलाचा शेप चित्रातल्या ग्लोव्हपेक्षा मोठा हवा. चित्र १४ पिक्सेलचं असेल तर त्रिज्या १४ ते १६ घ्या, म्हणजे जवळपास दुप्पट. मात्र हा फुगवटा वर आणि समोर असावा, पाठीमागे नको. डोक्यावरचा बॉल दोन बोटं लांबून पकडला गेला तर खेळाडूला आपल्या हाताचं कौतुक वाटतं. पाठीमागून गेलेला पकडला गेला तर त्याला लबाडी दिसते.

प्रश्न : जमिनीवर बॉलची सावली दाखवतो, तरी सात वर्षांची मुलं बॉलच्या मागे मागे धावतात, पुढे जात नाहीत. (मडगाव)

कारण सावली बॉल आत्ता कुठे आहे ते सांगते, कुठे पडणार ते नाही. मुलं सावलीवर राहतात आणि बॉलबरोबर सरकत जातात, ते त्यांच्या परीनं बरोबरच आहे. त्यांना टप्प्याची खूण हवी : पडणाऱ्या जागी एक कडं, जे बॉल खाली येत जाईल तसं आक्रसत जाऊन शेवटच्या क्षणी बॉलएवढं होतं. टप्पा तुम्ही आधीच ठरवलेला असल्यामुळे कडं काढायला वेगळा हिशेब लागत नाही.

अडचण वाढवायची सर्वांत सभ्य रीतही इथेच आहे. पहिल्या फेरीत कडं आणि सावली दोन्ही. दुसरीत कडं बॉल टोकाला पोचेपर्यंतच दिसेल. तिसरीत नुसती सावली. वेग वाढवला तर खेळाडूचे हात कमी पडतात. खूण काढून घेतली की त्याची नजर तयार होते.

आणखी एक, कारण सोबत पाठवलेल्या चित्रात ते दिसलं : पांढरा बॉल फिकट आकाशावर विरून जातोय. भोवती एक पिक्सेलची गडद कड काढा.

प्रश्न : हिशेबानं काढलेला टप्पा आणि प्रत्यक्षातला टप्पा यांत दोन-तीन पिक्सेलचा फरक पडतो. शिवाय १२० हर्ट्झच्या फोनवर बॉल थरथरतो. (ठाणे)

हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिला : तुम्ही प्रत्येक टिकला आधी वेगात ग्रॅव्हिटी मिळवता आणि मग त्या नव्या वेगानं बॉल सरकवता. सगळे असंच लिहितात, पण त्यात प्रत्येक टिकला बॉल किंचित जास्त खाली जातो. १.६ सेकंदांत ६०० ग्रॅव्हिटीला ही चूक साठून ८ पिक्सेल होते, म्हणजे बॉल बरोबर एक टिक आधी टेकतो. आडवा वेग १५० असेल तर टप्पा २.५ पिक्सेल अलीकडे, तुम्हाला दिसतो तोच फरक. जागा बदलताना जुना वेग गुणिले टिकचा काळ, अधिक ग्रॅव्हिटी गुणिले टिकच्या काळाचा वर्ग याच्या निम्मं, एवढं मिळवा, आणि वेग त्यानंतर बदला. फरक शून्य होतो. हे सगळं दर टिकला चालणाऱ्या 'फिजिक्स प्रोसेस'मध्येच हवं. स्क्रीनच्या दर चित्राला चालणाऱ्या साध्या 'प्रोसेस'मध्ये लिहिलंत तर प्रत्येक फोनवर टप्पा वेगळा पडेल.

हवेचा अडथळा घालायचा मोह मात्र आवरा. तो घातला की हे सूत्र लागू पडत नाही. मग टप्पा शोधायला फेकीआधी अख्खी वाट टिक टिक करत मोजून बघावी लागते, आणि एवढं करून खेळाडूला फरक जाणवत नाही.

दुसरा : फिजिक्स सेकंदाला ६० वेळा आणि स्क्रीन १२० वेळा. मधल्या चित्रांत बॉल जागचा हलत नाही, म्हणून थरथर. गोडो ४.३ पासून टूडीसाठी फिजिक्स इंटरपोलेशन, म्हणजे दोन टिकांमधली जागा भरून दाखवायची सोय, आलंय, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फिजिक्सच्या कॉमन भागात ते चालू करा. चालू केल्यावर एक नवी गंमत दिसेल : पुढच्या फेकीसाठी बॉल यंत्राच्या तोंडाशी नेलात की क्षणभर मैदानावरून पांढरी रेघ ओढल्यासारखी दिसते, कारण इंजिन जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंतचा प्रवास रंगवतं. बॉल हलवल्यावर लगेच त्याचं इंटरपोलेशन रीसेट करा.

प्रश्न : आम्ही इथे बेसबॉल बघतो, पण घरातल्यांना क्रिकेट कळतं. तोच मिनीगेम क्रिकेटचा केला तर काय काय बदलावं लागेल? आणि बेसबॉलचाच ठेवला तर बॉल टप्पा पडून हातात आला तर काय करावं? (न्यू जर्सी)

बॉलच्या आकारात काहीच बदल नाही. बेसबॉलचा घेर साधारण २२९ ते २३५ मिलिमीटर आणि वजन १४२ ते १४९ ग्रॅम. क्रिकेटचा घेर २२४ ते २२९ आणि वजन १५६ ते १६३ ग्रॅम. दहा पिक्सेलच्या चित्रात दोघे सारखेच, रंग आणि शिवण बदलली की झालं.

बदलतात ते हात. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षक ज्या हातानं फेकतो त्याच्या दुसऱ्या हातात ग्लोव्ह घालतो आणि झेल बहुतेक त्या एका हातात, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जाळीत येतो. ॲनिमेशनला दोन चित्रं पुरतात, उघडा आणि मिटलेला. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक सोडला तर सगळे उघड्या हातांनी झेलतात. दोन तळवे जोडून बॉलसोबत हात मागे घ्यावे लागतात. ते 'मागे घेणं' चार-पाच चित्रांत नीट काढलं नाही तर झेल दगडी दिसतो.

ग्लोव्हचा एक बारकावा. नायक डावीकडे वळला की आपण चित्र आडवं उलटवतो, आणि डाव्या हातातला ग्लोव्ह उजव्या हातात जातो. छोट्या चित्रांत हे कुणी मनावर घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. पण उलटतं ते फक्त चित्र. त्याच्या शेजारचा कोलिजन शेप होता तिथेच राहतो. डावीकडे धावताना सगळे झेल सुटतात आणि उजवीकडे सगळे मिळतात, अशी तक्रार आली तर समजा हेच झालंय. अख्ख्या नायकाला उणे स्केल देऊन उलटवू नका, त्यानं फिजिक्स बिघडतं. ग्लोव्हच्या आडव्या जागेचं चिन्ह तेवढं बदला, अधिक १४ चं उणे १४.

टप्प्याबद्दल : आजच्या बेसबॉलमध्ये टप्पा पडलेला बॉल घेतला तर फलंदाज लगेच बाद होत नाही, बॉल तळावर (बेसवर) पोचवावा लागतो. पण १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत एका टप्प्यानंतरचा झेलही बादच धरत. म्हणजे आपल्या गल्लीतला 'एक टप्पा आऊट' तिथे भर मैदानात चालत होता. मिनीगेममध्ये हा जुना नियम जरूर घ्या : थेट झेलाला २ गुण, एका टप्प्यानंतर १. टप्प्यानंतरचा उभा वेग आधीच्या ४० टक्के ठेवा. ४८० चा १९२ होतो, बॉल ३१ पिक्सेल उसळतो, सुमारे ०.६ सेकंद हवेत राहतो. लहान मुलाला दुसरी संधी मिळते आणि मोठ्याला ती खुपते. दोघांचं काम होतं.

बेसबॉलमध्येच राहिलात तर आणखी एक चीज मिळते. बॅटच्या कडेला लागून सरळ वर उडालेला बॉल फिरकीमुळे येताना विचित्र वळतो, आणि खाली उभा असलेला कसलेला खेळाडूही दोन पावलं मागेपुढे करत राहतो. यावर २००८ साली अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात अख्खा लेख आला होता. गेममध्ये हे सोपं करता येतं : बॉलला हवेत असेपर्यंत एक स्थिर आडवं त्वरण द्या, समजा १२०, आणि सुरुवातीच्या आडव्या वेगातून त्वरण गुणिले वेळ याचं निम्मं वजा करा. टप्पा ठरवलेल्या जागीच पडतो, वाटेत मात्र बॉल सरळ मार्गापासून ३८ पिक्सेलपर्यंत फुगतो. दहांत एक-दोनच असे टाका.

प्रश्न : समोर एक कॉम्प्युटर खेळाडू ठेवलाय. त्याला टप्पा माहीत असल्यामुळे तो सरळ जाऊन पुतळ्यासारखा उभा राहतो. खऱ्या माणसासारखा कसा धावेल? (औरंगाबाद)

खरा माणूस टप्पा काढतच नाही. सेव्हिल चॅपमन यांनी १९६८ साली दाखवलं की क्षेत्ररक्षक बॉलकडे बघतो त्या कोनाचा टॅन्जंट, म्हणजे बॉलची उंची भागिले त्याचं आपल्यापासूनचं आडवं अंतर, एकसारख्या गतीनं वाढत असेल तर बॉल बरोबर त्याच्या हातात येतो. वाढ जोर धरत असेल तर बॉल डोक्यावरून जाणार, मागे पळा. मंदावत असेल तर पुढे पडणार, पुढे या. ही मांडणी समोरून येणाऱ्या बॉलची आहे. बाजूला उडालेल्या बॉलसाठी १९९५ मध्ये मॅकबीथ आणि सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली, पण तुमच्या टूडी गेमला चॅपमन पुरे.

दर ६ टिकांनी हा भागाकार मोजा. आताची वाढ वजा मागची वाढ घ्या. उत्तर धन आलं तर बॉलपासून दूर, ऋण आलं तर बॉलच्या दिशेनं, आणि शून्याच्या आसपास असेल तर थांबा. सुरुवातीला ०.२ सेकंद काहीच करू देऊ नका. शेवटी अंतर शून्याकडे जातं आणि भागाकार भडकतो, तेव्हा बॉल ३० पिक्सेलच्या आत आला की सरळ टप्प्याकडे न्या. हा खेळाडू थोडा चुकीचा निघतो, सावरतो, धावता धावताच झेल घेतो. काळजी एकच : फिरकीच्या बॉलवर तो खरोखर फसतो, आणि ते फसणं तसंच राहू द्या.

घाईत असाल तर स्वस्तातला पर्याय : टप्प्यात ४० पिक्सेलची चूक मिसळा आणि बॉल खाली येईपर्यंत ती शून्यावर आणा. छोट्या गेमला तेवढंही चालतं.

प्रश्न : फेऱ्या कशा लावाव्यात? आणि हरलेल्याला काय द्यावं? (कोल्हापूर)

एका फेरीत १२ बॉल पुरेत. नुसतं रॅन्डम ठेवू नका, लागोपाठ चार लांबचे बॉल कधीतरी येतातच. पिशवीत १२ चिठ्ठ्या टाका : ६ सोप्या, ४ मध्यम, २ लांबच्या. ढवळा आणि एकेक काढा, फक्त पहिली चिठ्ठी सोपी असेल एवढं बघा.

हवेतला वेळ १.६ वरून १.१ वर आणलात तर लांबच्या फेकीची हद्दही बदलावी लागते. ०.८ गुणिले २०० वजा २० म्हणजे १४०, त्याचे ८० टक्के ११२. जुने २०० तसेच राहिले तर बॉल अशक्य होतात, आणि बहुतेकांची तिसरी फेरी इथेच फसते. दोन बॉल एकाच वेळी हवेत असतील तर त्यांच्या टेकण्यात किमान अंतर भागिले वेग अधिक ०.२ सेकंद हवेत. टप्पे १६० पिक्सेल लांब असतील तर पूर्ण एक सेकंद.

हरण्याबाबत १९८१ चा अटारीवरचा 'काबूम!' अजून बघण्यासारखा आहे. वरून पडणारे बॉम्ब बादल्यांत झेलायचे. एक सुटला की तीनांतली एक बादली जाते, पण पुढचा जथा आधीच्यापेक्षा सोपा येतो. शिक्षा आणि उसंत एकाच वेळी. तुम्ही तीन झेल सुटल्यावर एक पायरी खाली या, फेरी पहिल्यापासून सुरू करू नका.

बक्षीस असं असावं की ते न मिळताही मूळ गेम पुढे जाईल. २००१ च्या 'वॉरिओ लँड ४'मध्ये मिनीगेमच्या दुकानात एक होम रनचाही खेळ आहे. तिथे मिळवलेल्या पदकांतून बॉसला घायाळ करणाऱ्या वस्तू घेता येतात, पण त्यांच्यावाचूनही बॉस हरतो. दरवाजाची किल्ली मात्र झेलांवर ठेवू नका. उड्यांसाठी आलेला खेळाडू बेसबॉलपायी गेम सोडून जाईल.

प्रश्न : झेल झाल्यावर क्षणभर सगळं थांबवायचा इफेक्ट टाकला, तर गेम कायमचा थांबला. (पिंपरी)

तुम्ही टाइम स्केल, म्हणजे गेममधल्या वेळेचा वेग, शून्य करून ०.०७ सेकंदाचा टायमर लावलात. टायमरही त्याच टाइम स्केलवर चालतो, त्यामुळे तोही गोठला आणि कुणी कुणाला जागं करेना. सीन ट्रीचा (गेममधल्या सगळ्या वस्तूंच्या मांडणीचा) टायमर बनवताना चौथा पर्याय 'टाइम स्केलकडे दुर्लक्ष' हा असतो, तो खरा करा. थांबा ४ टिकांपेक्षा जास्त नको, बॉल ग्लोव्हवर बसल्याचा 'थप्प' आवाज त्याच टिकला वाजवा. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा पोचतो, म्हणून झेल झाल्याची खूण चित्रातही हवी : ग्लोव्ह मिटणं आणि धुळीचे दोन ठिपके.

याच थांब्यात कुणी पॉज दाबून मिनीगेममधून बाहेर पडलं तर मूळ गेम शून्य वेगानं सुरू होतो, शिवाय ग्लोव्ह हातातच. जिंकून, हरून किंवा मधूनच, कुठूनही बाहेर पडलं तरी एकच फंक्शन चालेल असं करा : टाइम स्केल १, ग्लोव्ह काढला, कॅमेरा परत. ते सीन ट्रीतून बाहेर पडण्याच्या सिग्नलला जोडलंत की वाट कुठलीही असो, ते चुकत नाही.